सेकंडहँड संगणक आणि कला शाखेचा विद्यार्थी

(तृतीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणक घेण्याचा विषय काढला की त्याच्यापुढे दोन प्रश्न हमखास येतात. पहिला प्रश्न, "तुला कशाला हवा? तू काय इंजिनिअर होणार आहेस?" आणि दुसरा, "अभ्यासासाठी हवा की गेम खेळायला?" पहिल्या प्रश्नात कला शाखेविषयीची जुनी कीव आहे आणि दुसऱ्यात विद्यार्थ्याविषयीचा जुना संशय. मित्रहो, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आपण न लाजता द्यावीत असे मला वाटते. आम्हाला संगणक प्रोग्रॅमिंग शिकण्यासाठी हवा आहे, आणि हो, खेळण्यासाठीही हवा आहे. राहिला पैशाचा प्रश्न. तो खरा आहे, आणि त्याचे माझे उत्तर असे की नवा, हप्त्याने घेतलेला संगणक घेण्यापेक्षा एखाद्या कचेरीतून निघालेला जुना संगणक घ्यावा. मात्र तो डोळे उघडे ठेवून घ्यावा.

प्रथम गरजेविषयी. मोबाइल असताना संगणक कशाला, असे आपल्यापैकीच कितीतरी जण विचारतात. मोबाइलवर वाचता येते, पाहता येते, फॉर्म भरता येतो, फार काय प्रोग्रॅमच्या चार ओळीही लिहिता येतात. परंतु एका बाजूला मजकूर, दुसऱ्या बाजूला प्रोग्रॅम आणि खाली त्याचे उत्तर, असे मांडून बसण्याचे यंत्र ते नव्हे. आणि कला शाखेला प्रोग्रॅमिंगचे काय काम, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी मराठीचेच एक उदाहरण देतो. पायथॉन या भाषेत ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारली तर संगणक ५ असे उत्तर देतो. आपण तर अक्षरे तीनच मोजतो! कारण युनिकोडच्या हिशेबात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे होतात. ‘क्षि’ या एका अक्षराची तर चार होतात : क, हलन्ताचे चिन्ह, ष आणि ऱ्हस्व वेलांटी. आता अक्षर म्हणजे काय, ते कुठे संपते आणि कुठे सुरू होते, हा प्रश्न इंजिनिअरचा की मराठीच्या विद्यार्थ्याचा? छंदाच्या मात्रा मोजणारा प्रोग्रॅम लिहायचा तर वृत्ते ज्याला येतात त्यानेच तो लिहायला हवा. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला जनगणनेचे तक्ते हाताळायचे असतात, भूगोलाच्या विद्यार्थ्याला क्यूजीआयएससारख्या मोफत प्रणालीवर नकाशे करायचे असतात, इतिहासाच्या विद्यार्थ्याला शेकडो पत्रांतली नावे आणि तारखा जुळवायच्या असतात. ही कामे दुसऱ्या कुणीतरी करून द्यावीत म्हणून आपण किती दिवस वाट पाहणार?

आता खेळाविषयी. खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, हे मत वडीलधाऱ्यांचे आहे आणि त्यात तथ्यच नाही असे मी म्हणणार नाही. रात्रभर जागून सकाळच्या तासाला डुलक्या घेणारे आपल्या वर्गातही आहेत. पण संगणकाचा इतिहास निराळेही काही सांगतो. १९८२ मध्ये इंग्लंडमध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम नावाचा लहानसा घरगुती संगणक निघाला. त्याच्या सर्वांत स्वस्त नमुन्याची किंमत १२५ पौंड होती आणि मेमरी अवघी १६ किलोबाइट. आजच्या ८ गिगाबाइट मेमरीच्या साध्या लॅपटॉपमध्ये त्याच्या पाच लाख पटींहून अधिक मेमरी असते. आईबापांनी तो मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून घेतला, मुलांनी त्यावर खेळ खेळले, आणि खेळता खेळता त्यांतली बरीच मुले स्वतःच खेळ लिहू लागली. तिथल्या खेळ-उद्योगाची एक पिढी अशी घडली. भारतातही डेसिबेल्स या कंपनीने त्याची परवानाप्राप्त आवृत्ती विकायला आणली होती.

अलीकडचे उदाहरण हवे असेल तर ‘स्टारड्यू व्हॅली’चे घ्या. शेती आणि गावगाडा यांवरचा हा खेळ २०१६ मध्ये निघाला. त्याचा प्रोग्रॅम, चित्रे, संगीत, पात्रांचे संवाद हे सारे एरिक बॅरोन या एकाच माणसाने सुमारे साडेचार वर्षे खपून केले. म्हणजे हे काम जितके प्रोग्रॅमरचे तितकेच चित्रकाराचे, संगीतकाराचे आणि लेखकाचे. आणि हा खेळ चालवायला फार मोठा संगणक लागत नाही. ज्या यंत्रावर तो खेळता येतो, त्याच यंत्रावर त्याच्यासारखा एखादा खेळ रचण्याची धडपडही करता येते. तेव्हा ‘अभ्यास की गेम’ या प्रश्नातला ‘की’ काढून टाकावा, अशी माझी विनंती आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. समजा, घरातून वीस हजार रुपये मिळणार आहेत. शेतकरी किंवा पगारदार कुटुंबात ही रक्कम काही लहान नव्हे. एवढ्या पैशांत नवा लॅपटॉप मागितला तर दुकानदार बहुधा सेलेरॉन वर्गातल्या दोन कोअरच्या प्रोसेसरचे, ४ जीबी रॅमचे आणि ६४ जीबी साठवणीचे यंत्र पुढे ठेवतो. खोके करकरीत, त्यावर चकचकीत कागद, वर एक वर्षाची वॉरंटी. पण त्यातली रॅम बहुधा बोर्डावरच डाखलेली असते, म्हणजे पुढे वाढवता येत नाही. आणि विंडोजने आपला संसार मांडला की त्या ६४ जीबीत विद्यार्थ्याला फारशी जागा उरत नाही. विंडोज ११ ला कमीत कमी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण लागते, असे मायक्रोसॉफ्टच म्हणते. म्हणजे हे यंत्र पहिल्याच दिवशी उंबरठ्यावर उभे असते. दिसायला नवे, पण दुसऱ्या वर्षाला पोहोचण्याआधीच थकलेले.

याच पैशांत जुन्या बाजारात काय मिळते? मोठ्या कंपन्या आपल्या नोकरांसाठी शेकडो लॅपटॉप एकदम घेतात किंवा भाड्याने आणतात. तीनचार वर्षांनी वॉरंटी संपली की चालू स्थितीतले हे लॅपटॉप एकगठ्ठा बाहेर काढले जातात. मुंबईतला लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली, दिल्लीचे नेहरू प्लेस, आणि आता जिल्ह्याच्या ठिकाणची लहान दुकानेही, असा माल विकतात. लेनोवोचा थिंकपॅड टी-४८०, डेलचा लॅटिट्यूड ७४९०, एचपीचा एलिटबुक ८४० जी-५ ही २०१८ च्या सुमाराची यंत्रे या जातीची. ही मुळात महागडी. मजबूत बांध्याची, चांगल्या कीबोर्डची. शिवाय या तिन्हींत रॅमच्या दोन खाचा असतात, एसएसडी बदलता येते, आणि मागचे झाकण काही स्क्रू काढले की उघडते. दुरुस्त करता येणे हा गुण विद्यार्थ्याच्या दृष्टीने फार मोठा आहे.

मी २०१८ चे नाव उगीच घेतले नाही. त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत, थोडे अपवाद सोडता, इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर आहेत. दुसरे कारण त्याहून महत्त्वाचे. सातव्या पिढीपर्यंत अशा पातळ लॅपटॉपांतल्या आय-५ मध्ये दोनच कोअर असत. आठव्या पिढीत ते चार झाले. गंमत अशी की सातव्या पिढीचा आय-७ ७५००यू हा दोन कोअरचा आणि आठव्या पिढीचा आय-५ ८२५०यू हा चार कोअरचा. दुकानदार मात्र झाकणावरचे ‘आय-७’चे लेबल दाखवून पहिल्याचे पैसे अधिक मागतो, आणि गिऱ्हाईकही लेबल पाहून भुलते. म्हणून ७ की ५ हे नंतर पाहावे; त्यापुढच्या आकड्यात पिढी लिहिलेली असते, ती आधी वाचावी.

याहून जुने यंत्र अगदीच स्वस्तात किंवा कुणा नातेवाइकाकडून फुकट मिळत असेल तर ते टाकाऊ समजू नये. त्यावर लिनक्स घालावे. लिनक्स मोफत आहे, मराठीत टंकलेखन त्यावर उत्तम होते, आणि पायथॉन बहुतेक वेळा आधीच बसवलेला असतो. प्रोग्रॅमिंग शिकायला एवढे पुरे. खेळांच्या बाबतीत सांगायचे तर २०१८ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने प्रोटॉन काढल्यापासून विंडोजचे कितीतरी खेळ लिनक्सवर चालतात. अपवाद आहेत. उदाहरणार्थ व्हॅलोरंट, त्याची फसवणूक रोखणारी यंत्रणा लिनक्सवर चालतच नाही. ज्यांचे सारे मित्र तोच खेळ खेळतात त्यांनी हे आधी समजून घ्यावे.

येथे कुणी म्हणेल, "कचेरीच्या लॅपटॉपवर कसले गेमिंग?" आक्षेप रास्त आहे. या यंत्रांत वेगळे ग्राफिक्स कार्ड बहुधा नसते. नवे, भव्य, लखलखीत खेळ त्यांवर चालणार नाहीत, हे स्वच्छ सांगायला हवे. पण ‘एज ऑफ एम्पायर्स २’, ‘हॉलो नाइट’, ‘सेलेस्ट’, ‘अंडरटेल’, ‘स्टारड्यू व्हॅली’ हे खेळ चालतात. माइनक्राफ्टही सेटिंग खाली आणली की चालतो. एवढ्या खेळांना तीन वर्षांची सुट्टीसुद्धा पुरणार नाही.

ज्यांचे एवढ्यावर समाधान होत नाही ते बहुधा जुन्या ‘गेमिंग लॅपटॉप’कडे वळतात, आणि माझा खरा विरोध आहे तो याला. असा लॅपटॉप आधीच्या मालकाने वर्षानुवर्षे तापवलेला असतो. पंखे झिजलेले, बॅटरी मरायला टेकलेली, बिजागरी ढिली. आमच्या ओळखीच्या एका विद्यार्थ्याने हौसेने असा एक घेतला. लाल दिव्यांचा कीबोर्ड पाहून सारे वसतिगृह त्याच्या खोलीत जमले होते. दोन महिन्यांत तो खेळाच्या ऐन रंगात आपोआप बंद पडू लागला. पंखा, बॅटरी आणि चार्जर बदलण्यात जेवढे पैसे गेले तेवढ्यात त्याची दोन सत्रांची फी भागली असती. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरे काय!

खेळाची भूक मोठी असेल तर त्याचा मार्ग लॅपटॉप नव्हे, टेबलावरचा संगणक आहे. कचेऱ्यांतून निघालेले, आठव्या पिढीच्या सहा कोअरच्या आय-५ ८५०० चे उभे डबे मिळतात. त्यांत जीटीएक्स १६५० सारखे कार्ड बसवता येते, कारण त्याचे पुष्कळ नमुने ७५ वॉटमध्ये, वेगळी वीजतार न जोडता चालतात. फक्त डबा बारीक अंगाचा असेल तर कार्डही बुटकेच लागते. तेवढे मोजून घ्यावे. जुनी कार्डे घेताना मात्र जपावे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि त्याचे खाणकाम ग्राफिक्स कार्डांवर करणे बंद झाले. तेव्हा दिवसरात्र राबवलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात उतरली. तसेच जीटीएक्स १०५० टीआय स्वस्तात मिळते म्हणून हुरळून जाऊ नये. त्या पिढीच्या कार्डांसाठी नव्या खेळांना अनुकूल ड्रायव्हर काढणे एनव्हिडियाने २०२५ मध्ये थांबवले. वसतिगृहात राहणाऱ्याला डबा, पडदा, तारा घेऊन फिरणे अवघड, हे मान्य. पण घरी राहणाऱ्याने लॅपटॉपचा मोह आवरला तर त्याच पैशांत त्याला दुप्पट यंत्र मिळेल.

जुना माल म्हणजे फसवणूक आलीच, अशी समजूत आहे. फसवणूक होते ती न पाहता घेणाऱ्याची. म्हणून काही पथ्ये सांगतो.

एक : यंत्र आपल्या हाताने सुरू करावे आणि निदान अर्धा तास दुकानातच चालवावे. या वेळात खूप तापते का, पंखा खरखरतो का, एकाएकी बंद पडते का, हे कळते. टास्क मॅनेजर उघडला की प्रोसेसरचे खरे नाव, कोअर, रॅम आणि रॅमच्या किती खाचा भरल्या आहेत हे सारे समोर दिसते. लेबलाची गरज उरत नाही.

दोन : बॅटरीचा अहवाल काढावा. विंडोजमध्ये तशी सोय आहे. मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्ज झाल्यावर भरणारी क्षमता असे दोन आकडे त्यात मिळतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून मागावेत. टचपॅड वर उचललेला असेल किंवा लॅपटॉप टेबलावर सपाट बसत नसेल तर बॅटरी फुगलेली असण्याचा संभव आहे. असे यंत्र कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये, कारण तेथे आगीचा धोका असतो.

तीन : एसएसडीची प्रकृती क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅमने पाहावी. जुनी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी घालूनच मागावी.

चार : बायोसमध्ये शिरून पाहावे. तेथे आधीच्या कंपनीचा पासवर्ड निघाला तर यंत्र परत करावे. "नंतर काढून देतो" या शब्दावर विसंबू नये. विंडोज अधिकृत आहे की नाही हेही सेटिंगमध्ये पाहावे.

पाच : पडदा १३६६ बाय ७६८ चा आहे की १९२० बाय १०८० चा, हे विचारावे. एकाच नावाच्या लॅपटॉपात दोन्ही येतात. दिवसभर अक्षरे वाचायची तर दुसराच बरा.

सहा : रॅम आधीच ८ किंवा शक्य तर १६ जीबी असेल असेच यंत्र पाहावे. २०२५ च्या उत्तरार्धात मेमरीचे भाव जगभर चढले, तेव्हा "पुढे वाढवू" हा हिशेब पूर्वीइतका स्वस्त राहिलेला नाही.

सात : यंत्राचा क्रमांक लिहिलेली पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. चोरीचा माल आपल्या गळ्यात पडला तर पश्चात्तापाखेरीज काही हाती राहत नाही. आणि निदान महिनाभराची परतीची हमी पावतीवर लिहून घ्यावी. जो दुकानदार ते नाकारतो त्याला आपणही नाकारावे.

यांतील एकाही गोष्टीला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. चौकस बुद्धी लागते, आणि ती कला शाखेच्या विद्यार्थ्याकडे नसते असे कोण म्हणेल?

आता राहिला प्रश्न प्रतिष्ठेचा. बोलून दाखवत नसले तरी अनेकांना ‘सेकंडहँड’ हा शब्द बोचतो. वर्गात झाकणावर ओरखडे असलेला, कुण्या कंपनीचे स्टिकर खरवडून काढलेला लॅपटॉप उघडायला संकोच वाटतो. मग बाप हप्ते फेडतो आणि मुलगा नवे यंत्र मिरवतो. मला या संकोचाचे नवल वाटते, कारण जुन्या पुस्तकांच्या बाबतीत आपल्याला तो कधी शिवला नाही. अप्पा बळवंत चौकात जाऊन जुनी क्रमिक पुस्तके आणणे, आधीच्या विद्यार्थ्याने समासात लिहिलेल्या टिपांचा फायदा घेणे आणि वर्ष संपले की तीच पुस्तके पुढच्याला देणे, ही तर आपल्या शिक्षणाची रीतच आहे. पुस्तक जुने झाले म्हणून त्यातले ज्ञान जुने होत नाही, हे ज्याला कळते त्याला ओरखडे पडलेल्या लॅपटॉपवर लिहिलेला प्रोग्रॅमही तितकाच अस्सल असतो, हे कळायला अडचण पडू नये. उलट, काढून टाकलेले यंत्र आणखी पाच वर्षे वापरात ठेवणे हे कचरा कमी करणेच आहे.

मात्र हे सारे एकेकट्या विद्यार्थ्यावर टाकणे न्यायाचे नाही. ज्याचा भाऊ पुण्यात नोकरीला आहे त्याला सल्ला मिळतो; जो घराण्यातला पहिलाच कॉलेजात आलेला आहे तो दुकानदाराच्या तोंडाकडे पाहतो. मुलींची अडचण आणखी निराळी. घरात संगणक आलाच तर तो भावाचा, आणि बाजारात जाऊन यंत्र पारखायचे तर "तुला काय कळतंय त्यातलं?" हे ठरलेले. येथे महाविद्यालयाने पुढे यावे. माझी सूचना साधी आहे. प्रत्येक वर्षी जुलैत एक दिवस असा ठेवावा की विद्यार्थ्यांनी घ्यावयाचे ठरवलेले किंवा घेतलेले जुने संगणक आणावेत आणि जाणकार विद्यार्थी व प्राध्यापकांनी ते तपासून द्यावेत. वरची सात पथ्ये ग्रंथालयाच्या फलकावर लावावीत. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याने आपला संगणक विकायचा ठरवला तर तो आधी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला, ठरलेल्या रास्त किमतीत विचारावा. जुन्या पुस्तकांसाठी बुक बँक चालते, तशी संगणकांची का चालू नये? याला मोठे अनुदान लागत नाही. एक कपाट, एक वही आणि दोन उत्साही माणसे एवढेच लागेल.

प्राध्यापक मंडळींनाही एक नम्र विनंती आहे. विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर खेळ दिसला की लगेच कपाळाला आठी घालू नये. "हा खेळ कुणी लिहिला? कोणत्या भाषेत? त्यातली गोष्ट तुला कशी वाटली?" असे एकदा विचारून पाहावे. उत्तर आले नाही तर जरूर रागवावे. पण आलेच, तर त्या मुलाला पुढची वाट दाखवण्याचे काम आपले आहे.

आणि मित्रहो, ज्यांच्या घरी या सुट्टीत संगणकाची बोलणी निघणार आहेत त्यांना एवढेच सांगतो. वडिलांपुढे खोटे बोलू नका. खेळायलाही हवा आहे, हे मोकळेपणाने सांगा, पण त्याबरोबर किती पैशांत काय घेणार, त्यावर पहिल्या वर्षात काय शिकणार आणि काय करून दाखवणार, हे कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवा. अंथरूण पाहून पाय पसरणाऱ्या मुलाला नाही म्हणणे बापालाही जड जाते.